प्रश्न एकदाच विचारावा

आमच्या ऑफिसात प्रत्येक टेबलावर नियमांचा एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलेला असायचा. त्यातलं चौथं कलम असं होतं: प्रश्न एकदाच विचारावा, उत्तर जसंच्या तसं नोंदवावं. हे कलम लिहिणारा माणूस मिनेसोटात जन्मलेला नव्हता, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आमच्या मिनेसोटात पहिल्या ‘नको’ला काही अर्थ नसतो. दुसऱ्याला थोडाफार असतो. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतो, ‘बरं, तू एवढं म्हणतेसच तर,’ आणि खुर्ची पुढे ओढतो. माझी आई एकदा कॅलिफोर्नियात मावसबहिणीच्या सुनेकडे गेली होती. सुनेने विचारलं, ‘कॉफी घेणार?’ आई म्हणाली, ‘नको गं, कशाला.’ सुनेने भांडं परत जागेवर ठेवलं आणि विषय संपला. आई चार दिवस तिथे राहिली आणि चारही दिवस डोकं धरून बसली. पुढे मरेपर्यंत ती त्या घराला ‘ते कोरडे लोक’ म्हणायची. स्वतः एकदा तोंड उघडून ‘हो, दे’ म्हणावं, हे काही तिला सुचलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारी जमात आहे आमची. मला याचा संताप येतो, आणि मीही त्यातलीच आहे.

तर ऑफिस. आम्ही विमा कंपनीचेही नव्हतो आणि वकिलांचेही नव्हतो. हजारो लोकांचा मिळून एखादा दावा कोर्टात तडजोडीने मिटला, की त्या हजारोंना पत्रं पाठवायची, त्यांची उत्तरं फोडायची, फोन घ्यायचे आणि शेवटी चेक धाडायचे, एवढंच आमचं काम. दावा खतांचा असो नाहीतर गळक्या नळांचा, आम्हाला सोयरसुतक नाही. त्या वर्षी तो आयुर्विम्याचा होता.

त्या पॉलिसीत तुम्ही हप्ता भरायचा, तो एका खात्यात साठायचा, आणि त्यातून कंपनी दर महिन्याला विम्याची किंमत कापून घ्यायची. करारात लिहिलं होतं, की माणसं कोणत्या वयाला किती मरतात एवढ्यावरच ही किंमत ठरेल. कंपनीने त्यात गुपचूप स्वतःचे खर्चही घुसवले. वय वाढलं की कपात वाढतेच, त्यामुळे वीस वर्षं कुणाला शंका आली नाही. खाती आटत गेली. काहींची पार कोरडी पडली आणि पॉलिसी बंद झाली. मग कुणीतरी हिशेबनीस गाठला, वकील गाठला, आणि चाळीस हजार लोकांच्या वतीने दावा उभा राहिला. त्यातल्या बहुतेकांना आपण दाव्यात आहोत हे आमच्या पत्रानेच कळलं.

पत्रात दोन वाटा दिलेल्या होत्या. काहीच केलं नाहीत तर तुम्ही दाव्यात राहता, तुमच्या वाट्याचा चेक घरी येतो, आणि या बाबतीत कंपनीशी पुन्हा कधी भांडता येत नाही. नाहीतर ठरलेल्या तारखेआधी सही करून कळवायचं, की मला वगळा. मग चेक नाही, पण कंपनीला स्वतः कोर्टात खेचायचा हक्क शाबूत राहतो. चाळीस हजारांतल्या शंभरेक लोकांनी वगळा म्हणून कळवलं असेल. बाकीच्यांच्या दृष्टीने आयता चेक काय वाईट!

मार्चमध्ये अर्डिस क्वामे नावाच्या बाईंचं पत्र माझ्या टेबलावर आलं. वय एक्याऐंशी, आमच्याच राज्यातल्या, ऑफिसपासून दीड तासावरच्या गावच्या. निळ्या बॉलपेनने दोन पानं लिहिली होती. सुरुवात हवेपासून होती, मग आमच्या सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी, आणि दुसऱ्या पानावर मुद्दा. तो मला आजही पाठ आहे:

‘आमच्या चर्चमधले लाइल हेगन वकील होते, ते म्हणतात मी यातून बाहेर राहावं. ते स्वतः लिहून द्यायला तयार होते, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मीच लिहिते आहे. तुम्हाला फार त्रास होणार नसेल तर मला बाजूला ठेवलंत तरी चालेल. पण नावांची यादी आधीच छापून झाली असेल, किंवा माझ्यामुळे बाकीच्यांचं काही अडणार असेल, तर राहू द्या. तुम्हाला सोयीचं असेल ते करा.’

मी कपाळावर हात मारला. चाळीस हजार लोकांच्या कज्ज्यात ही बाई आमची सोय बघत होती!

तिची फाइल उघडली. पॉलिसी नवऱ्याची, ऑरलिन क्वामेची, पन्नास हजार डॉलरची. सत्तावीस वर्षं हप्ता चुकला नव्हता. काही वर्षांपूर्वी खातं कोरडं पडून दोन मार्चला पॉलिसी बंद झाली आणि एकोणीस एप्रिलला ऑरलिन वारला. सात आठवडे. कंपनीने त्याच्याकडून जास्तीचे कापले होते नऊशेच्या आसपास, आणि शेवटी शेवटी महिन्याची कपात होती दोनशे. ते नऊशे खात्यात असते तर पॉलिसी आणखी चार महिने चालली असती. म्हणजे तो विमा असताना मेला असता. हे कळायला वकील लागत नाही. मी तर हिशेबात कायम नापास. दाव्यात राहिली तर अर्डिसला तीनशेच्या घरातला चेक मिळणार होता, आणि पन्नास हजारांचं भांडण कायमचं मिटणार होतं.

पत्र वेळेत आलेलं होतं, पण त्यात ‘मला वगळा’ असं सरळ वाक्य नव्हतं. अशा पत्रांसाठी ‘अस्पष्ट’ नावाचा ट्रे होता. तारीख उलटून गेली की त्या ट्रेमधल्या लोकांना एक फोन करायचा, रेकॉर्डिंगवर एक प्रश्न विचारायचा, आणि येईल त्या उत्तराप्रमाणे ‘हो’ किंवा ‘नाही’वर खूण करायची. नवं पत्र लिहिण्याची मुदत तोवर संपलेली असायची. तेव्हा जे काय व्हायचं ते त्या एका फोनवर.

चौथं कलम उगाच आलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. मागे एका दाव्यात कुणीतरी उत्साहाच्या भरात लोकांना फोनवर पटवत बसलं होतं आणि दोन्ही बाजूंचे वकील आमच्या मानगुटीवर बसले होते. तेव्हापासून नियम झाला. विन्स डिसाल्वो, आमचा साहेब, तो नियम बायबलसारखा पाळायचा. विन्स न्यू जर्सीचा, वय चौतीस, मनाने स्वच्छ. त्याला भूक लागली की तो ‘मला भूक लागली’ असं म्हणायचा. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात मी त्याला बार्सचा, म्हणजे घरी भाजलेल्या गोड वड्यांचा डबा पुढे केला, तर पठ्ठ्याने पहिल्या खेपेला दोन उचलले! ऑफिसात महिनाभर चर्चा चालली होती.

अस्पष्टच्या फोनांच्या वेळी तो शेजारी बसून दुसऱ्या हेडफोनवर ऐकायचा. मी क्वामेबाईंचा नंबर लावला.

“हॅलो?”

“मिसेस क्वामे, मी मार्लिस बोलतेय, विम्याच्या तडजोडीच्या ऑफिसातून. हा फोन रेकॉर्ड होतोय बरं का.”

“अगं बाई! मग मी नीट बोलते हं. थांब, रेडिओ बंद करते.” ती गेली, आली. “बर्फ वितळला का गं तुमच्याकडे?”

“वितळतोय हळूहळू.”

“आमच्याकडे गोठ्याच्या उत्तरेला आहे अजून. तू कुठली म्हणायची?”

“इथलीच, फिलमोर काउंटीतली.”

“तरीच! बोलण्यावरूनच वाटलं. मागे मला एक फोन आला होता, कुठली पोर होती कोण जाणे, बंदुकीच्या गोळीसारखी बोलत होती.”

विन्सने घड्याळाकडे पाहिलं. मी कागदावरचा प्रश्न वाचला. “मिसेस क्वामे, तुम्हाला या तडजोडीतून स्वतःला वगळून घ्यायचं आहे का?”

“अगं, नको नको. उगीच माझ्यापायी तुम्हाला खटाटोप. कागद झालेले असतील की तुमचे.”

आणि ती थांबली. ते थांबणं मला जन्मापासून ठाऊक आहे. बशी पुढे सरकवलेली असते आणि पाहुणा तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत असतो, तेव्हाचं ते थांबणं. आता माझी पाळी होती. ‘खटाटोप कसला त्यात?’ एवढंच म्हणायचं, की ती पुन्हा नको म्हणणार, आणि तिसऱ्यांदा विचारलं की म्हणणार, ‘बरं, तू एवढं म्हणतेसच तर.’

विन्सने पेनाचं टोक चौथ्या कलमावर ठेवलं.

“ठीक आहे,” मी म्हणाले. “मग ‘नाही’ असं नोंदवते.”

“हो हो, नोंदव.” पुन्हा जरा थांबून म्हणाली, “लाइलला वाटेल जरा वाईट. पण तो काय, गुडघ्यामुळे आधीच कावलेला आहे.”

तिने स्वतःहून दार किलकिलं करून धरलं होतं. मी पुढचं वाक्य वाचलं, “आणखी काही मदत हवी आहे का?”

“नाही बाई. तू कामात असशील.”

“बरं तर.”

“बरं. ठेवते मग.”

तिने ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मग मी बटण दाबलं आणि ‘नाही’च्या चौकटीत खूण केली.

विन्सने हेडफोन काढला. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “काय झालं? तुला काही वेगळं वाटतंय का? बाईच्या मनात दुसरं काही असेल असं वाटत असेल तर बोल, दोन्हीकडच्या वकिलांपुढे ठेवू. त्याची सोय आहे.”

खोटं कशाला बोलू, अगदी हेच शब्द होते त्याचे. पोरगा सरळ मनाने विचारत होता. आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची घोडी, म्हणाले, “छे, काही नाही. ठीक आहे सगळं.”

“नक्की ना,” असं तो म्हणेल म्हणून मी थांबले. विन्सने मान डोलवली, कॉफीचा मग उचलला आणि पुढच्या टेबलावर गेला. त्याच्या लेखी मी उत्तर दिलं होतं.

मी त्याच्या मागे जाऊ शकले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगू शकले असते. पुढचे दोन महिने रोज सकाळी वाटायचं, आज तो विचारेल, मार्लिस, त्या दिवशी तुझा चेहरा का पडला होता? तो कशाला विचारतोय! जूनमध्ये न्यायाधीशांनी तडजोडीवर शेवटची सही केली. ऑगस्टमध्ये चेक गेले. त्या दिवशी ऑफिसात केक कापला, मीही खाल्ला.

ऑक्टोबरच्या अखेरीस न वटलेल्या चेकांची यादी आली. नव्वद दिवसांत भरला नाही तर चेक बाद होतो, म्हणून त्या लोकांना आठवणीचं पोस्टकार्ड धाडायचं असतं. यादीत नावं शेकड्यांनी. कुणी घर बदललेलं, कुणी मेलेलं, कुणी जाहिरात समजून फेकून दिलेलं. ‘क’मध्ये अर्डिस क्वामे, तीनशे अठरा डॉलर चाळीस सेंट. पत्ता तोच. पाकीट परत आलेलं नव्हतं.

पोस्टकार्ड काही मी टाकलं नाही. शनिवारी गाडी काढली. असं कुणाच्या घरी जाणं नवव्या कलमात बसत नव्हतं, पण डिसेंबरमध्ये मी निवृत्तच होणार होते. खरं सांगायचं तर मला झोप लागत नव्हती.

मका निघून गेलेला, रान मोकळं. घर रस्त्यापासून आत होतं, पांढरं, नीटनेटकं. दार उघडलं ती बाई माझ्या खांद्याइतकी, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी नाव सांगितलं.

“फोनवरची मार्लिस! अगं, ये ये. कॉफी घेतेस?”

“नको हो, जाता जाता आले.”

“अर्धा कप?”

“नको, कशाला त्रास.”

“केलेलीच आहे. नाहीतर ओतून द्यावी लागेल.”

“बरं, अर्धा कप मग.”

तिने कप काठोकाठ भरला आणि भोपळ्याच्या बार्सची बशी पुढे सरकवली. खुंटीवर बी-बियाण्याच्या कंपनीची एक पुरुषी टोपी होती. आम्ही हवेवर बोललो, मक्याच्या भावावर बोललो, लाइलच्या गुडघ्यावर बोललो. लाइल दोन आठवडे तिच्याशी बोलत नव्हता म्हणे, मग चर्चच्या जेवणात तिच्या हातचं हॉटडिश, ते आमचं ओव्हनमध्ये भाजलेलं मांस-बटाट्याचं कालवण, खाऊन बोलायला लागला.

“मी चेकचं विचारायला आले,” मी शेवटी म्हणाले. “तुम्ही भरला नाहीत. पुढच्या शुक्रवारी बाद होईल तो.”

“हो का? भरीन की. राहून गेलं बघ.”

राहून बिहून काही गेलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळामागे पाकिटाची कड दिसत होती. सुरीने नीट कापून उघडलेलं पाकीट होतं.

“अर्डिसबाई, एक विचारू? तेव्हा तुम्हाला बाहेर पडायचं होतं का?”

“छे गं. झालं ते झालं.”

“होतं का पण?”

“नाही नाही, तू कशाला मनाला लावून घेतेस? तुझं कामच तसलं.”

मी कप खाली ठेवला. “बाहेर पडायचं होतं का तुम्हाला?”

तिने टेबलक्लॉथवरची सुरकुती बोटाने दाबली. ती जाईना. पुन्हा दाबली.

“हो,” ती म्हणाली. “होतं.”

मग हळूहळू बोलली. “ऑरलिनने सत्तावीस वर्षं भरलं. शेवटी पॉलिसी बंद झाल्याचं पत्र आलं ना, तेव्हा त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. दवाखान्यातसुद्धा तेच. कुठला हप्ता राहिला म्हणून रात्रंदिवस आठवत पडायचा. मला म्हणाला, मी तुझं नुकसान केलं. आणि तसाच गेला.” तिने बशी माझ्याकडे आणखी थोडी सरकवली. “लाइल म्हणाला, कोर्टात उभं राहून सांगता येईल की त्याचं काही चुकलं नव्हतं. पैसे काय, आले असते तर छपराला लागलेच असते. पण मला ते हवं होतं. कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं.”

“मग तेव्हा फोनवर का नाही…” मी म्हणाले. कुणाला विचारत होते मी!

“मला वाटलं, तू विचारशील पुन्हा,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, कोडं न सुटल्यासारखी बोलत होती. “तू इकडचीच ना. मी थांबले होते थोडी. मग म्हटलं, मागे खोळंबले असतील बाकीचे.”

मला तोंड वर करवेना. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

ती उठली, घड्याळामागून पाकीट काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. चेकला घडीसुद्धा पडलेली नव्हती. “म्हणून तर भरला नाही गं. म्हटलं, आज ना उद्या विचारतीलच कुणीतरी. मग परत देता येईल, वापरलेला नको द्यायला.” आणि माझ्याकडे इतक्या आशेने बघितलं, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. “आता तू आलीसच, तर घेऊन जातेस का परत? त्या दिवशीचं ‘नाही’ खोडता येईल?”

“नाही,” मी म्हणाले. “जूनमध्येच सही झाली न्यायाधीशांची. चेक भरा नाहीतर भरू नका, आता त्याने काही फरक पडत नाही.”

तिने मान हलवली. माझा कप भरला. मग भांडं हातात तसंच धरून म्हणाली, “पण तू त्यांना सांगितलंस, की म्हातारीला तेव्हा नीट बोलता आलं नाही, तर?”

“नाही होत हो तसं.”

घड्याळाचा आवाज फोनवर आला होता तसाच होता. ती खुर्चीत बसली, हात मांडीवर घेतले, खिडकीबाहेर पाहत राहिली. मी कॉफी संपवली. जायला उठले तेव्हा दारापर्यंत आली, आणि उंबऱ्यापाशी माझ्या कोटाची बाही धरून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “काहीच नाही का गं करता येणार?”

तीनदा विचारलं तिने. तिन्ही वेळा मला नाहीच म्हणावं लागलं.